घाटेअळीचा विषाणू बाटलीत: हरभरा-तुरीसाठी एचएएनपीव्ही घ्यावं का?

डिसेंबरात हरभरा फुलोऱ्यावर आला आणि दोन दिवस आभाळ धरलं की कृषी केंद्राच्या काउंटरवर एकच मागणी असते: "अळीचं काही द्या." हातात पडतं ते बहुतेक इमामेक्टिन या रासायनिक कीटकनाशकाचं पाकीट. त्याच दुकानात, खालच्या फळीवर धूळ खात, एचएएनपीव्ही लिहिलेली बाटली असते. ती मागणारे थोडे, आणि मागून नाराज झालेले त्याहून जास्त. "पाणी निघालं हो, अळी मेलीच नाही," ही त्या बाटलीबद्दलची नेहमीची तक्रार. ती कधी खरी असते, कधी बाटलीवर उगाच आळ असतो. दोन्ही कसं ओळखायचं, तेच या परीक्षणात पाहू.

मत आधीच सांगून टाकतो. हरभऱ्यावर, अळी लहान असताना, ताजी बाटली असेल तर पाचपैकी चार. तुरीवर तीन. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, दीड. गुलाबी बोंडअळीसाठी घेत असाल तर शून्य. ते पैसे सरळ वाया. इथे कुठल्या एका कंपनीचा माल तोललेला नाही. नोंदणीकृत द्रवरूप एचएएनपीव्ही या मालाच्या प्रकाराबद्दल हे लिहिलं आहे.

बाटलीत आहे तरी काय

पूर्ण नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा न्यूक्लिओ पॉलिहेड्रो व्हायरस. हेलिकोव्हर्पा म्हणजे आपली घाटेअळी. तुरीवर तिलाच शेंगा पोखरणारी अळी म्हणतात, पऱ्हाटीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. हा विषाणू प्रयोगशाळेत घडवलेला नाही. घाटेअळीच्या रानातल्या पिढ्यांमध्ये तो असतोच. अळ्या दाटल्या की त्यांच्यात त्याची साथ येते आणि अळ्या विरळ झाल्या की ती ओसरते. कारखान्यात एवढंच करतात: अळ्या पाळतात, त्यांना हा रोग लावतात, मेल्या की वाटून गाळतात आणि बाटलीत भरतात. म्हणजे तुम्ही विकत घेता ती एक साथ असते. विष मारलं तर अंगाला लागून किंवा पोटात जाऊन तासाभरात काम सुरू होतं. साथीचं तसं नसतं. तिला लागण, पोसणं आणि पसरणं असे टप्पे असतात, आणि यातला एक चुकला की पुढचं सगळं अडतं.

विषाणूचे कण प्रथिनाच्या स्फटिकासारख्या कवचात बसलेले असतात. या दाण्याला लेबलवर पीओबी म्हणतात. आकार साधारण १ ते २ मायक्रॉन, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चकाकताना दिसतो. कवच आम्लात विरघळत नाही, पण तीव्र अल्कलीत विरघळतं. अळीच्या मधल्या आतड्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. अळीने पान खाल्लं की कवच तिथे फुटतं, विषाणू आतड्याच्या पेशीत शिरतात, पेशीच्या केंद्रकात वाढतात आणि मग चरबी, श्वासनलिका, कातडी असं सगळं शरीर व्यापतात. माणसाच्या, गुराच्या, पाखराच्या जठरात आम्ल असतं, तिथे हे कवच फुटत नाही. शिवाय हा विषाणू घाटेअळी आणि तिच्या अगदी जवळच्या जातींपलीकडे जात नाही. मधमाशी आणि ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा हे किडींवर जगणारे मित्रकीटक, सगळे सुरक्षित.

गडचिरोलीच्या आरमोरी भागातले टसर रेशमाच्या अळ्या पाळणारे विचारतात की ऐनाच्या झाडावरच्या त्यांच्या अळ्यांना याने काही होईल का. होत नाही. टसरच्या अळ्यांना विषाणूचा रोग होतो, पण त्यांचा विषाणू वेगळा. मात्र बीटी जिवाणूची पावडर हे वेगळं प्रकरण आहे. ती रेशमाच्या अळीलाही मारते, म्हणून ऐन-अर्जुनाच्या जवळपास बीटी नको, एचएएनपीव्ही चालेल.

यातूनच एक गोष्ट लक्षात येते जी दुकानात फारशी कोणी सांगत नाही: लागण फक्त तोंडावाटे होते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी सोंडेने रस शोषतात, पानावरचा दाणा त्यांच्या पोटात जातच नाही. त्यांच्यासाठी कातडीतून शिरणारी बुरशी, म्हणजे बिव्हेरिया, हीच वाट. सोयाबीनवरच्या तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा विषाणू वेगळा, एसएलएनपीव्ही. मक्यावरच्या लष्करी अळीचा आणखी वेगळा. नावाची पहिली दोन अक्षरं वाचूनच बाटली उचला.

मेलेली अळी कशी दिसते

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी वावरात गेलात तर अळ्या चालताना दिसतील. इथेच पहिला घोळ होतो. दुसऱ्या दिवशीच लोक म्हणतात, बाटली बाद. जवळून पाहा. रोगट अळीचा हिरवा रंग फिका पडतो, कातडीवर तेल लावल्यासारखी चकाकी येते, पोटाकडून ती पिवळट-पांढरी दिसते. बोट लावलं तर झटका देत नाही. खाणं कमी झालेलं असतं, थांबलेलं नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी डहाळी धरते आणि डोकं खाली लोंबकळून मरते. कातडी इतकी पातळ होते की काडीने हात लावताच फुटते आणि आतून मळकट पांढरा, पातळ आंबिलीसारखा रस ओघळतो. त्या रसात पुन्हा कोट्यवधी दाणे असतात.

अळी वर का चढते? तिला चढवणारा विषाणूच असतो. स्पंजी मॉथ नावाच्या वनकिडीवर झालेल्या कामात, २०११ मध्ये, विषाणूतलं ईजीटी नावाचं जनुक काढून टाकल्यावर अळ्या शेंड्यावर जाऊन मरेनाशा झाल्या. हे जनुक अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं. कात टाकायची थांबते, खात-चढत राहते. शेंड्यावर फुटलेली अळी दवासोबत खालच्या सगळ्या पानांवर ठिबकते. विषाणूच्या दृष्टीने फवारणी पंप यापेक्षा वेगळं काय करतो?

आता इतर मरणं. अळी काळी पडून लिबलिबीत झाली आणि घाण वास मारत असेल तर जिवाणूचा प्रकार. कडक, खडूच्या कांडीसारखी पांढरी आणि मग फिकट हिरवी भुकटी चढलेली असेल तर बुरशी, मेटारायझियम रिलेई. ऑगस्टात आठ-दहा दिवसांची झड लागली की सोयाबीनवर ही बुरशी आपोआप येते आणि उंटअळ्या, तंबाखूच्या अळ्या वाळक्या काड्यांसारख्या पानाला चिकटलेल्या दिसतात. अशा वेळी कुठलंच कीटकनाशक घेऊ नका, आणि बुरशीनाशक तर मुळीच नको. फुकट चाललेलं काम बंद पडेल. अळीच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा कोष दिसला तर ती परजीवी गांधीलमाशीने खाल्लेली. आणि अळी आखडून, सुकून जमिनीवर पडलेली दिसली तर रासायनिक औषध.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. एचएएनपीव्ही मारून दुसऱ्या सकाळी अळ्यांचा खच पडला, तर खूश होऊ नका. विषाणू एका रात्रीत मारू शकत नाही. त्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं आहे, आणि त्याची तक्रार कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे करायला हवी. जैविकाच्या नावाखाली रसायन विकणं हा या बाजारातला जुना रोग आहे.

विकत घेताना

लेबलवर केंद्रीय नोंदणीचा क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत आणि एका मिलीलिटरमध्ये किती पीओबी ते लिहिलेलं हवं. शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा, आणि तोच कोणी वाचत नाही.

शिफारस एलईमध्ये असते, म्हणजे एका मोठ्या मेलेल्या अळीतून निघणारा माल. १ एलई म्हणजे ६ अब्ज पीओबी. हरभरा-तुरीला हेक्टरी २५० ते ५०० एलई सांगतात. २५० धरलं तर एकरी १०० एलई. आता हिशेब करा. एका बाटलीवर "मिलीला १ अब्ज" लिहिलंय आणि बाटली २५० मिलीची आहे. त्यात झाले २५० अब्ज, भागिले ६, म्हणजे जेमतेम ४२ एलई. अर्ध्या एकरालाही अपुरी. दुसरी बाटली १०० मिलीचीच, पण मिलीला ६ अब्ज. ती पूर्ण १०० एलई, म्हणजे एक एकर. पहिली स्वस्त वाटते, मोठीही दिसते. म्हणून भाव मिलीला काढू नका, एलईला काढा. "पाणी निघालं" या तक्रारीत निम्म्याहून जास्त वाटा या अपुऱ्या मात्रेचा असावा, असं आमचं मत आहे; पंपाला टोपणभर टाकायची सवय रासायनिक औषधांनी लावली आणि ती इथे चालत नाही.

दुसरं, उत्पादनाची तारीख. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या दुकानात, शटरजवळच्या फळीवर उन्हाळा काढलेली बाटली मुदतीत असली तरी घेऊ नका. विषाणू थंडीत टिकतो, ४ ते ८ अंशांत उत्तम. ऊन आणि उष्णता दोन्ही त्याचे वैरी. पावसाळा संपल्यानंतर भरलेली बॅच मागा. दुकानदार ती फ्रिजमधून काढून देत असेल तर तो दुकानदार धरून ठेवा. बाटली फुगलेली, झाकण उघडताना गॅस सुटला, वास कुजका, तर आत जिवाणू माजलेत, परत द्या. तळाला गाळ बसणं मात्र दोष नाही. दाणे जड असतात, बसणारच. हलवल्यावर गाळ पुन्हा एकजीव व्हायला हवा. गोळे राहिले तर माल जुना.

पाच एकरांच्या पुढे फवारायचं असेल तर आधी एक बाटली आणून घरच्या घरी तपासा. वावरातून २० लहान अळ्या आणा, सात-आठ मिलिमीटरच्या आतल्या. चहाचे कागदी कप ३०, प्रत्येक कपात एकच अळी. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात आणि हिशेब बिघडतो. आणखी १० अळ्या साध्या पाण्याच्या गटासाठी. फवारणीच्या प्रमाणात पातळ केलेल्या द्रावणात हरभऱ्याची डहाळी बुडवून, सावलीत निथळून २० कपांत द्या. साध्या पाण्यात बुडवलेली १० कपांत. साध्या पाण्याचं काम आधी उरकायचं, विषाणूचं नंतर; उलट केलं तर हातानेच लागण जाते. वरून जाळीचं कापड. दोन दिवसांनी सगळ्यांना ताजी, बिनफवारलेली डहाळी. आठव्या दिवशी मोजा. वीसपैकी पंधरा-सोळा लोंबकळून किंवा पाघळून मेल्या तर बाटली चांगली. दहाच्या आत असतील तर परत. साध्या पाण्यातल्याही तीन-चार तशाच मेल्या, तर तुमच्या वावरात साथ आधीच आलेली आहे, आणि ती आनंदाची बातमी आहे.

मारायचं कधी आणि कसं

हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, त्यात हेलिल्युअर, म्हणजे घाटेअळीच्या नर पतंगाला ओढणारी गंधाची गोळी. सलग तीन दिवस सापळ्याला आठ-दहा पतंग पडले की तयारीला लागा. अंड्यातून अळी तीन ते पाच दिवसांत निघते, थंडीत थोडी उशिरा. ताजी निघालेली अळी पान कुरतडत नाही, हिरवा थर खरवडते. पानावर पांढुरके पारदर्शक ठिपके दिसतात. हीच वेळ. ओळीच्या एका मीटरला एक-दोन लहान अळ्या हा नेहमीचा इशारा, पण विषाणूसाठी त्याच्याही आधी, अंडी आणि खरवडलेली पानं दिसताच मारलेलं बरं.

असं का? अळी मोठी होते तशी तिची लागण अवघड होत जाते. लहान अळीला मूठभर दाणे पुरतात, मोठीला त्याच्या कित्येक पट. दीड सेंटिमीटरची अळी कधी मरते, कधी रोग पचवून कोषात जाते. आणि ती मरेपर्यंत घाटे फोडत राहते. घाट्यात डोकं घालून बसलेली दोन-अडीच सेंटिमीटरची अळी दिसत असेल तर एचएएनपीव्हीची वेळ गेली. तिथे लेबलप्रमाणे रासायनिक औषधच घ्या, त्यात कमीपणा नाही.

एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. पॉवर स्प्रेअरने पाणी कमी जातं, पण एलई कमी करायची नाही. नोझल पोकळ शंकूचं, बारीक थेंबाचं. विषाणू झाडात शोषला जात नाही, जिथे थेंब पडला तिथेच राहतो, म्हणून पानाची खालची बाजू आणि कळ्या ओल्या व्हायला हव्यात. आधी बादलीत दहा लिटर पाण्यात बाटली घोळून घ्या, फडक्याने गाळा, मग टाकीत. एकरी १ किलो गूळ विरघळवून टाका, त्याच्या गोडीने अळी जास्त खाते. राणीपाल लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. कपड्याची पावडर पाहून लोक हसतात, पण ती सूर्याचे अतिनील किरण शोषते आणि विषाणूला आडोसा देते. स्टिकर असेल तर लेबलप्रमाणे.

वेळ संध्याकाळचीच, साडेचारनंतर. उघड्या उन्हात पानावरचा विषाणू काही तासांतच निकामी व्हायला लागतो, दोन-तीन दिवसांत थोडाच उरतो. सकाळी दहाला मारलेली फवारणी म्हणजे विषाणूला उन्हात वाळत घालणं. संध्याकाळी मारलं तर निदान एक अख्खी रात्र अळीला तो खायला मिळतो.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, विहिरीचं पाणी खारं आणि अल्कली असतं. सामू पट्टीने बघा. आठच्या वर असेल तर लिंबू किंवा सायट्रिक आम्लाने सातच्या जवळ आणा, किंवा गोडं पाणी आणा. घोळ करून रात्रभर ठेवू नका. बोर्डो मिश्रण, चुना, ब्लिचिंग पावडर यांच्याशी कधीच मिसळू नका. निंबोळी अर्कही त्याच टाकीत नको, असं आम्ही म्हणू: निंबोळीने अळीचं खाणं मंदावतं आणि विषाणूला तर अळीने खाल्लंच पाहिजे. निंबोळी आधी, हे नंतर, असा आठवड्याचा फरक ठेवला की दोन्ही कामाला येतात.

हरभऱ्याची एक खोड आहे, आंब. पहाटे दवात धोतर भिजवून जी आंब गोळा करतात तीच, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. दाण्याच्या कवचाला या आम्लाचं भय नाही. पण हरभऱ्याच्या पानात आणखी काही द्रव्यं असतात, आणि ती अळीच्या पोटात विषाणूचा जोर कमी करतात. म्हणून हरभऱ्यावर मात्रेत काटकसर नको. तरीही याच पिकाला आम्ही चार गुण दिले, कारण झाड बुटकं, उघडं, थेंब सगळीकडे पोचतो आणि अळी बराच काळ बाहेर असते. तुरीवर द्रव्यांची अडचण कमी, पण पाच-सहा फुटांचं झाड, शेंड्याला फुलांचे घोस आणि त्यात लपलेली अळी. पंपाचा दांडा वर पोचत नाही, पोचला तर फवारा अंगावर येतो. पऱ्हाटीचं तर पानच वैरी: तिच्या पानावरचं दव अल्कली असतं आणि दाण्याचं कवच अळीच्या पोटात जायच्या आधीच झिजतं. गुलाबी बोंडअळी या विषाणूची यजमानच नाही, वर ती बोंडाच्या आत.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-दहावर उतरला की सगळंच मंदावतं. पाच दिवसांचं काम आठ-दहा दिवसांवर जातं. थंडीत निकाल उशिरा, एवढं धरून चाला. मात्र अळीही त्या थंडीत कमीच खाते.

"एकदा मारा, साथ आपोआप पसरते"

विक्रेत्याचं हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच महाग पडतं. साथ पसरायला तीन गोष्टी लागतात: रोग देणारं मढं, रोग घेणारी अळी, आणि दोघांची गाठ घालून देणारं कोणी तरी.

खरिपात गाठ पाऊस घालतो. फुटलेल्या अळीचा रस थेंबांसोबत उडतो, जमिनीतले जुने दाणेही उडून खालच्या पानांवर येतात. जमिनीत हा विषाणू ऊन लागत नसल्यामुळे दीर्घकाळ टिकतो. पण रब्बीत पाऊस नाही. वखरणीने दाणे खाली गाडले जातात आणि तिथेच राहतात. मग उरतं दव, पाखरं आणि अळीचा स्वतःचा स्वभाव. घाटेअळी आपल्याच जातीची अळी खाते, आणि सुस्त, रोगट अळी आधी सापडते. एक मोठी अळी अशी एक मेजवानी करून लाखो दाणे गिळते. कोतवाल, साळुंकी, गायबगळे रोगट अळ्या टिपतात, पचवतात, पण दाणे त्यांच्या विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात आणि पुढच्या ओळीत पडतात. एकरी २० पक्षीथांबे उभे करायला सांगतात ते अळ्या टिपण्यासाठी. साथ वाहून नेण्याचा फायदा वरकड. परजीवी गांधीलमाशीही रोगट अळीला टोचलेली अंडी घालायची नळी घेऊन दुसरीला टोचते.

आता अडचण बघा. मीटरला एक-दोन अळ्या, म्हणजे फवारणीच्या इशाऱ्याला, अळ्या इतक्या विरळ असतात की मढं आणि अळीची गाठ सहज पडत नाही. साथ स्वतःच्या पायावर उभी राहते तेव्हा अळ्या दाटलेल्या असतात, आणि तोवर पीक गेलेलं असतं. शिवाय लहान अळी मेली की तिच्यातून दाणे फार थोडे निघतात. एका मोठ्या अळीत जेवढा माल, तेवढा शेकडो लहान अळ्यांत मिळून. पीक वाचवायला लहान अळी मारायची, साथ वाढवायला मोठी अळी मरायला हवी. दोन्ही एकदम साधत नाही. तुम्ही पीक वाचवायला निघालात, म्हणून फवारा पुन्हा द्यावा लागेल: पहिल्यानंतर सात ते दहा दिवसांनी दुसरा, आणि पतंग पडतच असतील तर तिसरा. फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंत रोगाचे तीन-चार फेरे होतात, त्याहून जास्तीला वेळच नसतो.

ब्राझीलमध्ये सोयाबीनवरच्या एका अळीचा असाच विषाणू बहराच्या काळात सुमारे २० लाख हेक्टरवर वापरला गेला. तिथे ती अळी पानं खाते आणि सोयाबीन बरंच पान गमावूनही उतारा देतं. चार दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. आपली अळी सरळ घाटा पोखरते. म्हणून तिथलं यश जसंच्या तसं इथे मोजू नये.

तिथल्यासारखी एक गोष्ट मात्र आपल्याकडेही जमते: मेलेल्या अळ्या गोळा करणं. फवारणीनंतर सहाव्या-सातव्या सकाळी, ऊन वर यायच्या आत, लोंबकळलेल्या पण न फुटलेल्या अळ्या चिमट्याने उचलून थोड्या स्वच्छ पाण्याच्या बाटलीत घाला. काळ्या आणि वास मारणाऱ्या नको. हातमोजे घाला, विषाणूची भीती नाही, सोबतच्या जिवाणूंची आहे. वाटून मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. मोठ्या १०० अळ्या म्हणजे ढोबळमानाने एका एकराचा माल. लहान असतील तर हा हिशेब मोडतो. फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं, नाव लिहून ठेवा आणि आठवड्याच्या आत आपल्याच वावरात वापरा. शेजाऱ्याला विकू नका. दाणे मोजलेले नाहीत.

घ्यावं कोणी

दोन ते पाच एकर हरभरा आहे, घरचंच कोणी दर तिसऱ्या दिवशी वावरात फिरतं, सापळे लावलेले आहेत, आणि संध्याकाळी फवारणीला माणूस मिळतो, अशा कास्तकाराने जरूर घ्यावं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. फवारणाऱ्याच्या अंगाला इजा न करणारं औषध म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. घरातल्याच हिरव्या घाट्यांची भाजी करायची, सोलाण्याची हुरड्यागत मेजवानी करायची असेल तर काढणीपूर्वी दिवस मोजत बसायची गरजही पडत नाही.

वावर गावापासून लांब, फेरी आठवड्यातून एक, मजूर सकाळीच मिळतो, अळी दिसली ती घाट्याबाहेर अर्धं अंग काढून: अशांनी घेऊ नये. ठेक्याने फवारणी करून घेणाऱ्यांनीही विचार करावा. ठेकेदाराला एकरी पंप कमी करायचे असतात आणि संध्याकाळ त्याला परवडत नाही.

गुण कापले ते तीन गोष्टींसाठी. लेबलवर एलईचा आकडा सरळ लिहिलेला नसतो, पीओबीवरून काढावा लागतो. दुकानापर्यंतची थंड साखळी भरवशाची नाही. आणि माहितीपत्रकावर मोठ्या, लठ्ठ अळीचं चित्र छापतात. ते पाहून गिऱ्हाईक तशी अळी दिसेपर्यंत थांबतं.

फवारणी संपल्यावर पंप साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्या. धुऱ्यावर सापळा पीक म्हणून झेंडू लावला असेल तर टाकीतलं उरलेलं आणि धुतलेलं पाणी त्याच्या कळ्यांवर मारा; घाटेअळीचा पतंग तिथे अंडी घालायला आधी येतो.